खिडकीपलीकडच्या माणसाचा पगार



महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या बहुतेकांच्या पगारपत्रकावर एक बारीकशी ओळ असते : व्यवसाय कर. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, असे वर्षाचे २५००. मी भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी करणाऱ्या गाळ्यांमध्ये हिशेब लिहून पोट भरतो आणि उरलेल्या वेळात कविता लिहितो. पगाराच्या दिवशी कोणी ना कोणी विचारतंच, ‘‘हे दोनशे कशाचे कापले?’’ मी सांगतो, ‘‘गावाकडे ज्याच्या हाताला काम नाही, त्याला काम देण्याचे.’’ ऐकणारा हसतो. त्याला वाटतं, कवी आहे, काहीतरी बोलायचं म्हणून बोलतोय.

पण ते खरं आहे. १९७५ साली हा कर राज्यात आला तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. या योजनेचे जनक वि. स. पागे. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात १९६५च्या सुमाराला त्यांनी हा विचार आधी छोट्या प्रमाणावर करून पाहिला. पुढे १९७२ साली योजना राज्यभर आली, १९७७ साली विधिमंडळानं कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, आणि काम देता आलं नाही तर बेकारी भत्ता. भत्ता सुरुवातीला दिवसाला एक रुपया होता. शहरातल्या पगारदारानं कर द्यायचा, जेवढा कर जमेल तेवढीच रक्कम सरकारनं आपल्या तिजोरीतून घालायची, अशी त्या निधीची रचना होती. बेकारीचा विमा म्हणतात तो हा नव्हे, पण त्याचा सख्खा चुलतभाऊ म्हणायला हरकत नाही. मुंबईच्या कारकुनानं विट्याच्या शेतमजुराचा हप्ता भरला, असं माझ्या भाषेत मी म्हणेन.

तासगाव तालुका माझाही. १९७२च्या दुष्काळात मी दोन वर्षांचा होतो. माझी अम्मा खडी फोडायला जायची आणि मला बाभळीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत टाकायची. त्या वर्षी दुष्काळी कामं सगळीकडे निघाली होती. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यात या कामांवर राबणाऱ्यांची संख्या पन्नास लाखांच्या आसपास पोचली होती म्हणतात. हे सगळं मी नंतर वाचलं. अम्मा मात्र दुष्काळाच्या गोष्टी सांगायची त्यात पाऊस, सुकडी, खडी यांच्या बरोबरीनं आणखी एक माणूस असायचा, तो म्हणजे हजेरी लिहिणारा. त्याचं नाव तिला शेवटपर्यंत आठवत होतं. ‘‘दगड फोडला की नाही हे दगडाला ठाऊक आणि अल्लाला ठाऊक, पण पैसे त्याच्या वहीनं मिळायचे,’’ असं ती म्हणायची. हजेरीचा तो मोठा कागद, म्हणजे मस्टर, वेळेवर तालुक्याला गेलं तर आठवड्याचा पगार आठवड्याला. नाही गेलं तर उधारीवर ज्वारी.

आज मला बोलायचंय ते या हजेरी लिहिणाऱ्याबद्दल. बेकाराला किती पैसे मिळावेत, कोणी द्यावेत, यावर चर्चा पुष्कळ होते. ते पैसे त्याच्यापर्यंत पोचवणाऱ्या माणसाचा पगार कोणी द्यायचा, हा प्रश्न कोणी विचारत नाही. हिशेबाच्या भाषेत त्याला ‘प्रशासकीय खर्च’ म्हणतात आणि हा शब्द उच्चारताच आपल्या कपाळाला आठी पडते. सरकारी खर्च म्हणजे उधळपट्टी, असं आपण गृहीतच धरलेलं असतं. तीस वर्षं खतावणी लिहिल्यावर माझं मत उलट झालं आहे. बेकारांसाठी ठेवलेला पैसा बहुतेक वेळा तिथंच अडतो, जिथं खिडकीपलीकडे माणूस बसवायला पैसा ठेवलेला नसतो.

इंग्लंडचं उदाहरण मला फार शिकवणारं वाटतं. बेकारीचा विमा कायद्यानं मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा आणला तो त्यांनी, १९११ साली. कामगारानं आठवड्याला अडीच पेन्स, मालकानं अडीच पेन्स आणि त्यावर सरकारची भर. काम सुटलं की आठवड्याला सात शिलिंग. पण हा कायदा करायच्या आधी त्यांनी काय केलं? १९०९ साली कायदा करून गावोगाव कामगार विनिमय केंद्रं उघडायचं ठरवलं आणि फेब्रुवारी १९१०पासून ती सुरू झाली. त्या वेळी हे खातं विन्स्टन चर्चिलकडे होतं आणि केंद्रांची उभारणी विल्यम बेव्हरिज नावाच्या तिशीतल्या माणसाकडे. म्हणजे आधी खिडकी बांधली, खिडकीमागे माणूस बसवला, आणि मग दोन-तीन वर्षांनी त्या खिडकीतून पैसे द्यायला सुरुवात केली. काम सुटलेल्या माणसानं तिथं येऊन सही करायची. काम असेल तर काम, नसेल तर सात शिलिंग.

आपल्याकडे खिडकी आणि पैसा यांची गाठ कधी पडलीच नाही. सेवायोजन कार्यालयं १९४५ साली निघाली ती महायुद्धावरून परतणाऱ्या जवानांना काम मिळावं म्हणून. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. माझ्या पिढीनं त्या कार्यालयाचं कार्ड छातीशी धरून जपलंय. बी. ए. झाल्यावर मीही जिल्ह्याच्या गावी जाऊन नाव नोंदवलं होतं, दर काही वर्षांनी नूतनीकरण करत होतो. त्या कार्डावर कॉल आला तर आला. काम नाही म्हणून पैसे मिळण्याचा तिथं प्रश्नच नव्हता. पैशाची व्यवस्था दुसऱ्याच दारी होती, तीही फक्त आजारपणाची.

ते दुसरं दार म्हणजे ईएसआय, कामगार राज्य विमा. १९४३ साली प्रा. बी. पी. आडारकर यांना सरकारनं कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला सांगितलं, १९४४ साली त्यांनी अहवाल दिला, त्यावरून १९४८चा कायदा झाला. आजारपण, बाळंतपण, कामावरचा अपघात या गोष्टी त्यात आल्या. बेकारी नाही आली. पण या मूळ कायद्यात एक छोटं कलम होतं, ते मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. पहिली पाच वर्षं महामंडळाच्या प्रशासकीय खर्चाचा दोन तृतीयांश भाग केंद्र सरकार देईल, असं ते कलम होतं. लाभाचा पैसा कामगार आणि मालक यांच्या वर्गणीतून, पण कार्यालयं उभारायचा, कारकून नेमायचा, वह्या छापायचा मोठा वाटा सरकारचा. ज्यांनी हे लिहिलं, त्यांना हे पक्कं ठाऊक असणार की नव्या विम्याला सुरुवातीला लाभापेक्षा यंत्रणेवर जास्त खर्च येतो आणि तो गरिबाच्या हप्त्यातून काढणं बरं नाही. पुढे पाच वर्षं सरली आणि यथावकाश ते कलमही कायद्यातून निघून गेलं. तेव्हापासून खिडकीमागच्या माणसाचा पगार वर्गणीतूनच जातो, आणि उत्पन्नाच्या किती टक्के त्यावर खर्च करायचे याची मर्यादा नियमांनी घातलेली असते.

बेकारी या दारातून आत आली ती फार उशिरा. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा त्यांच्यासाठी अशी कसलीच सोय नव्हती. त्यातली कितीतरी घरं मग परळ-लालबागहून आमच्या भाईंदर, नालासोपारा, विरारकडे सरकली. माझ्या इमारतीतच दोन आहेत. २००५च्या एप्रिलपासून ईएसआयमध्ये राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना सुरू झाली. कारखाना बंद पडला किंवा कपात झाली, तर पगाराच्या निम्मा भत्ता, आधी सहा महिने, पुढे मुदत वाढत गेली. मग १ जुलै २०१८पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. तिच्यात कारखाना बंद पडायची अट नव्हती. काम सुटलं की रोजच्या सरासरी पगाराच्या पंचवीस टक्के, जास्तीत जास्त नव्वद दिवस, आयुष्यात एकदा. दोन्ही योजनांसाठी कामगाराकडून वेगळा हप्ता घेतलेला नाही. जी वर्गणी जात होती, तिच्यातूनच हे द्यायचं. उलट १ जुलै २०१९पासून वर्गणी कमी केली : कामगाराची पाऊण टक्का, मालकाची सव्वातीन टक्के. महामंडळाकडे गंगाजळी चांगली होती, त्यामुळे परवडत होतं.

म्हणजे पैशाची अडचण नव्हती, हे लक्षात ठेवा. मग २०२० आलं.

माझ्या शेजारी राहणारा खानदेशातला एक माणूस भांड्यांना पॉलिश मारण्याचं काम करायचा. बफिंगच्या चाकासमोर उभा राहून दहा वर्षं. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा डोळ्यांच्या खोबणी सोडून बाकी सगळा काळा. पगार १२,००० रुपये. टाळेबंदी लागली, गाळा बंद झाला, आणि जूनमध्ये गाळा उघडला तेव्हा याला बोलावणं आलं नाही. तो मला चाचा म्हणतो. म्हणाला, ‘‘चाचा, दर महिन्याला ईएसआयचे नव्वद रुपये कापत होते, त्याचं काही मिळतं का?’’

मिळत होतं. त्या वर्षी सरकारनं अट सैल केली होती आणि २४ मार्च २०२०पासून काम गेलेल्यांना पंचवीसऐवजी पन्नास टक्के द्यायचं ठरवलं होतं. नव्वद दिवस थांबायच्याऐवजी तीस दिवसांनी अर्ज करता येणार होता, मालकामार्फत न करता स्वतः करता येणार होता. हिशेब सोपा आहे. दिवसाला ४००, त्याचे निम्मे २००, नव्वद दिवसांचे १८,००० रुपये. खोलीचं चार महिन्यांचं भाडं. त्या वेळी वर्तमानपत्रांत आलं होतं की देशभरात चाळीस लाख कामगारांना याचा लाभ होईल असा अंदाज आहे.

आता अर्ज. तो संगणकावर भरायचा, पण भरून संपत नव्हता. त्याचा कागद छापायचा, आधार आणि बँकेच्या पासबुकाची प्रत जोडायची, आणि मुद्रांकावर शपथपत्र करून ते सगळं पोस्टानं किंवा हातानं शाखा कार्यालयात द्यायचं. शपथपत्र कसलं, तर मी बेकार आहे याचं. वर्ष २०२०. मुद्रांक विकणारा गावाला गेलेला, नोटरी मास्क लावून आठवड्यातून दोन दिवस बसायचा, आणि लोकलमध्ये अत्यावश्यक सेवेच्या माणसांशिवाय कोणाला चढू देत नव्हते. बेकार माणूस अत्यावश्यक सेवेत मोडत नाही. आम्ही दोघं एका ओळखीच्याच्या टेम्पोतून गेलो.

शाखा कार्यालयाचं नाव मी सांगत नाही, कारण तक्रार करायची नाहीये. तिथं एक मध्यमवयीन बाई होत्या. आजारपणाचे दावे त्याच बघत होत्या, बाळंतपणाचेही त्याच, आणि हा नवा बेकारीचा दावाही त्यांच्याच टेबलावर. बाकीच्या खुर्च्या रिकाम्या. त्यांनी आमचा अर्ज उघडून बघितला आणि म्हणाल्या, ‘‘अहो, तुमच्या मालकानं हा माणूस कामावरून गेल्याची नोंदच केलेली नाही. आमच्या संगणकात हा अजून कामावर आहे.’’ माझा शेजारी आपल्या हातांकडे बघत राहिला. बाईंनी मग असं काही केलं जे त्यांच्या कामाच्या यादीत नसावं. स्वतःच्या मोबाइलवरून मालकाला फोन लावला, त्याला नोंद कशी करायची ते पायरीपायरीनं सांगितलं, आणि आम्हाला म्हणाल्या, ‘‘चार दिवसांनी मला फोन करा, येऊ नका, गाडीभाडं घालवू नका.’’ पैसे डिसेंबरात आले. पूर्ण आले.

त्याच नोव्हेंबरात महामंडळानं शपथपत्राची अट काढून टाकली होती. चांगलं केलं. पण देशाचा हिशेब काय झाला? चाळीस लाखांचा अंदाज होता. २०२१च्या मध्यापर्यंत ज्यांना प्रत्यक्ष लाभ मिळाला, त्यांची संख्या एक लाखापर्यंतही गेली नव्हती. सगळा दोष खिडकीचा नाही, हे मला मान्य आहे. कोणी गावी निघून गेले, कोणाची वर्गणीची दिवसगणती बसली नाही, बहुतेकांना योजनाच ठाऊक नव्हती. पण ठाऊक नसणं हेही शेवटी यंत्रणेचंच काम राहून जाणं नाही का? गाळ्यागाळ्यांत जाऊन सांगणारा माणूस लागतो, आणि त्या माणसाला पगार लागतो. शिवाय ही योजना प्रायोगिक होती, ठरावीक मुदतीची, आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवत नेली. जी योजना पुढच्या वर्षी असेल की नाही हे नक्की नसतं, तिच्यासाठी कायमचा माणूस कोण नेमेल? ती असलेल्याच माणसाच्या टेबलावर येऊन पडते. त्या बाईंच्या टेबलावर पडली तशी.

श्रोतेहो, हे फक्त आपल्याच देशात होतं असं समजू नका. अमेरिकेत १९३५पासून बेकारी विमा आहे. तिथं त्यांनी एक गोष्ट नीट केली : यंत्रणेचा पैसा लाभाच्या पैशापासून वेगळा ठेवला. लाभासाठी राज्यं मालकांकडून कर घेतात. आणि कारभार चालवायला केंद्र सरकार मालकांकडून वेगळा, छोटा कर घेऊन त्यातून राज्यांना अनुदान देतं. कल्पना उत्तम. पण हा छोटा कर पगाराच्या पहिल्या ७००० डॉलरवरच लागतो आणि ती मर्यादा १९८३पासून हललेली नाही. साधारणपणे एका कामगारामागे वर्षाला ४२ डॉलर. महागाई वाढली, पगार वाढले, कारकुनांचा पैसा तिथंच. शिवाय बेकारी कमी असते तेव्हा अनुदानही कमी होतं, म्हणजे पाऊस नाही म्हणून छत्री विकून टाकायची. मग मार्च २०२०च्या अखेरीस तिथं एकेका आठवड्यात साठ लाखांहून अधिक नवे अर्ज आले. फोन लागेनात, संगणक बंद पडू लागले. न्यू जर्सीच्या गव्हर्नरनं जाहीर आवाहन केलं की कोबोल येणाऱ्यांनी मदतीला यावं. कोबोल ही संगणकाची जुनी भाषा, १९५९च्या सुमारची. विम्याचे कार्यक्रम अजून तिच्यात चालत होते, आणि ती जाणणारे निवृत्त झालेले. सन २०००च्या आधी आपल्याकडची कितीतरी मराठी मुलं याच कोबोलच्या बळावर त्याच न्यू जर्सीत जाऊन स्थिरावली, त्यांना ही बातमी ऐकून काय वाटलं असेल, असं माझ्या मनात आलं.

तर पैसा वेगळा ठेवून भागत नाही, तो पुरेसाही लागतो. आपल्याकडे तर आणखी एक गाठ मारून ठेवलेली आहे. ती सोडवून दाखवतो.

मीरा-भाईंदरमध्ये गेली तीस वर्षं बांधकाम थांबलेलं नाही. मिठागरांच्या कडेपर्यंत इमारती गेल्या. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली कायदा झाला, बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घ्यायचा आणि त्यातून मजुरांचं कल्याण करायचं. महाराष्ट्रात त्याचं मंडळ २०११ साली उभं राहिलं. बेकारी भत्ता त्यात नाही, पण टाळेबंदीत याच निधीतून नोंदणी असलेल्या मजुरांच्या खात्यावर एप्रिल २०२०मध्ये २००० रुपये आले, तेव्हा तो बेकारी भत्ताच झाला. आता या १९९६च्या कायद्यातलं एक कलम ऐका. मंडळानं पगार आणि प्रशासन यांवरचा खर्च त्या वर्षीच्या एकूण खर्चाच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त करू नये. ऐकायला किती छान वाटतं! गरिबांचा पैसा साहेबांच्या खुर्च्यांवर जाऊ नये, हाच हेतू. पण हे ‘एकूण खर्चाच्या’ पाच टक्के आहेत, जमा रकमेच्या नव्हेत. नव्या मंडळाकडे समजा शंभर कोटी जमा झाले. मजुरांची नोंदणी झालेली नाही म्हणून खर्च एक कोटी. मग कारभाराला मिळणार पाच लाख. पाच लाखांत नोंदणी करणारी किती माणसं वर्षभर ठेवाल? दोन? दोन माणसं किती मजूर नोंदवतील? मजूर नोंदवले नाहीत म्हणून खर्च नाही, खर्च नाही म्हणून माणसं नाहीत, माणसं नाहीत म्हणून मजूर नोंदवले नाहीत. तेली घाण्याभोवती बैल फिरवतो, तसं हे फिरत राहतं, फक्त तेल निघत नाही.

आणि झालंही तसंच. देशभर उपकराचे हजारो कोटी पडून राहिले. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सुनावणीत पुढे आलं की काही ठिकाणी या पैशातून लॅपटॉप आणि कपडे धुण्याची यंत्रं घेतली गेली. १९ मार्च २०१८च्या निकालात न्यायालयानं या सगळ्या कारभाराबद्दल फार खेद व्यक्त केला. वर्तमानपत्रांनी लॅपटॉपवर लिहिलं, ते योग्यच होतं. त्या पाच टक्क्यांवर मात्र मी कुठे अग्रलेख वाचला नाही.

रोजगार हमीतही हेच. महाराष्ट्राच्या योजनेवरून देशाची योजना झाली, २००५चा कायदा, मनरेगा. त्यात प्रशासनाची मर्यादा कित्येक वर्षं खर्चाच्या सहा टक्के होती. त्याच सहा टक्क्यांत आमच्या गावचा ग्रामरोजगार सेवक. माझ्या अम्माच्या वेळचा हजेरी लिहिणारा, त्याचा हा नवा अवतार. मजुरांची मागणी घ्यायची, जॉबकार्ड भरायचं, हजेरी मोबाइलवर चढवायची, आणि मानधन गावात किती मनुष्यदिवस काम निघालं त्या प्रमाणात. गावात काम निघालं नाही तर मजुराबरोबर तोही बेकार! मजुराला काम मिळालं नाही तर त्याला भत्ता कायद्यानं मिळायला हवा. पण भत्त्यासाठी आधी मागणीची तारीख टाकलेली पावती लागते, आणि ती पावती देणारा हाच. देशात बेकारी भत्ता प्रत्यक्ष फार क्वचित दिला गेला, त्याचं एक कारण इथं आहे. मधल्या काळात महाराष्ट्रात हजेरी सहायक म्हणून लावलेल्या हजारो तरुणांना सरकारी सेवेत सामावून घेण्याचा प्रश्न वर्षानुवर्षं रेंगाळला होता, तोही याच जातीचा. कामाची हमी राबवणाऱ्याच्या स्वतःच्या कामाची हमी नाही. २०२४ साली राज्य सरकारनं ग्रामरोजगार सेवकाला दरमहा आठ हजार रुपये मानधन जाहीर केलं. २०२५च्या डिसेंबरात संसदेनं मनरेगाच्या जागी नवा कायदा संमत केला, त्यावर पुष्कळ वाद झाले आणि त्यातले बरेच रास्त आहेत. केंद्रानं आपला वाटा कमी करून राज्यांवर चाळीस टक्के भार टाकला, हे मला पटलेलं नाही. पण त्याच कायद्यात प्रशासनाची मर्यादा सहावरून नऊ टक्के केली आहे, ही गोष्ट कोणी फारशी बोललं नाही. मला ती महत्त्वाची वाटते. तरी नऊ टक्के पुन्हा खर्चाचेच. बैल घाण्याभोवतीच आहे, दोरी थोडी लांब झाली.

माझ्यासारख्या बी. ए. माणसानं कायदे करणाऱ्यांना काय सांगावं? पण हिशेबनीस म्हणून एक सुचवतो. खिडकीचा खर्च वाटलेल्या पैशावर मोजू नका, ज्यांना वाटायचा आहे त्या माणसांवर मोजा. एका भागात इतके कामगार, तर इतके कारकून, इतके निरीक्षक, इतके फोन. बेकारी नसलेल्या वर्षीही ते तिथं असावेत. अग्निशामक दलाच्या जवानांना आपण आगींच्या संख्येवर पगार देत नाही.

निरीक्षकांचं नाव काढलं म्हणून सांगतो. दहा कामगार असले की कारखान्याला ईएसआय लागू होतो. आमच्याकडच्या अनेक गाळ्यांत तुम्ही हजेरीपत्रक बघाल तर नावं नऊ असतात. चाकांसमोर उभी असलेली माणसं मोजाल तर पंधरा, सोळा. मी ज्या गाळ्यांचे हिशेब लिहितो, तिथं मी हे चालू देत नाही, त्यामुळे माझी गिऱ्हाइकं कमी आहेत. पण या कागदाबाहेरच्या सहा-सात जणांसाठी महामंडळाच्या गंगाजळीत कितीही कोटी असले तरी त्याचा उपयोग शून्य. त्यांना कागदावर आणायचं तर कोणीतरी येऊन चाकं मोजली पाहिजेत. संकेतस्थळ ते काम करू शकत नाही. २०२१च्या ऑगस्टपासून ई-श्रमवर असंघटित कामगारांची नावं नोंदली गेली, आमच्या वस्तीतल्या पोरांनी ती पन्नास-पन्नास रुपये घेऊन भरून दिली. मजुरांना वाटलं, विमा झाला. तो बेकारीचा विमा नव्हे, यादी आहे. हे सांगायलाही कोणी नव्हतं, मग रमजानच्या महिन्यात तरावीहनंतर मशिदीबाहेर आणि गणपतीत मंडळाच्या मांडवात उभं राहून मी सांगत फिरलो. कवितेला मिळत नाहीत एवढे श्रोते मिळाले.

माझ्या त्या शेजाऱ्याला २०२१च्या मार्चमध्ये दुसऱ्या गाळ्यात काम लागलं. पहिल्या दिवशी त्यानं मालकाला पगार विचारायच्या आधी विचारलं, ‘‘ईएसआय कापता ना?’’ मालक चमकला, कारण कापू नका म्हणणारेच त्याला भेटत आलेले. त्यानं विमा क्रमांक मागितला. माझा शेजारी चौथीनंतर शाळेत गेलेला नाही, आणि त्या दिवशी कार्ड घरी राहिलं होतं. पण दहा आकडी क्रमांक त्यानं धडाधड म्हणून दाखवला. त्या टेबलावरच्या बाईंनी त्याच्याकडून तो तीनदा म्हणवून घेतला होता.